न लागलेला दिवा

एकदा एका म्हाताऱ्या मिस्त्रीच्या दारात त्याच्याच वयाची एक गाडी आली. गावातल्या एका व्यापाऱ्याच्या बापाची गाडी. व्यापाऱ्याने ती जिवापाड जपलेली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीची पाठवणी त्याच गाडीतून, घाट चढून व्हायची होती. रोग एकच. इंजिन तापल्यावर गाडी चौकात जराशी थांबली, की समोरचा ऑइलचा लाल दिवा लुकलुकायचा.

मिस्त्री शेजारगावी तेराव्याला गेला होता. गाडी पडली शिष्याच्या हाती. शिष्य म्हणजे पोर नव्हे, दहा वर्षं हाताखाली काढलेला, मिशीत पांढरं आलेला गडी. त्याने ऑइल मोजायची पट्टी काढून पाहिली, ऑइल भरपूर. ऑइलचा दाब ओळखून दिवा लावणारं इंजिनावरचं बटण बदललं, तरी लुकलुक चालूच. दुपार टळली. व्यापारी घडीघडी विचारी, "झालं का?" शेवटी शिष्याने बटणावरची तार उपसली आणि इंजिनाच्या मागे दडवली. दिवा गप.

"झालं, शेठ."

झालं म्हणाला खरा, पण जीव ठिकाणावर राहिना. पाणी प्यायला गेला, न पिताच परतला. पुसलेले हात पुन्हा पुसू लागला. तेवढ्यात मिस्त्री आला.

मिस्त्री गाडीत बसला. किल्ली अर्धीच फिरवली आणि इंजिन सुरू न करता समोर बघत राहिला. किल्ली मागे घेतली, पुन्हा अर्धी फिरवली, पुन्हा तसाच बघत बसला. मग किल्ली काढून बंडीच्या खिशात टाकली आणि उतरला.

"शेठ, गाडी जाणार नाही."

"अहो, दिवा विझलाय की!"

"म्हणूनच जाणार नाही."

"म्हातारचळ लागला का, मिस्त्री? उद्या पोरीला काय बैलगाडीत घालून धाडू?"

"धाडा. बैल निदान बसायच्या आधी फुरफुरतो तरी."

व्यापारी किल्लीसाठी हात पुढे करून उभा राहिला. शिष्याच्या मनात आलं, आपण गप्प राहिलो, तर शेठ म्हाताऱ्याला शिव्या घालील आणि गाडी घेऊन जाईल. त्याला घाटातलं अवघड वळण दिसलं, बंद पडलेली गाडी दिसली, आणि शालू सावरत धुळीत उभी राहिलेली नवरी.

"तार मी काढलीय," तो म्हणाला.

व्यापाऱ्याने पुढे केलेला हात मागे घेतला. मिस्त्रीने मानसुद्धा वळवली नाही. बटणाच्या जागी त्याने प्रेशर मोजायचा काटा बसवला आणि इंजिन चालवत ठेवलं. तापलं तसा काटा खाली बसत गेला. दिवा खोटं बोलत नव्हता.

"चेंबर खोल."

इंजिनाच्या पोटातला ऑइलचा चेंबर शिष्याने उतरवला. आतली ऑइल गाळायची जाळी चोंदली होती. लाल पेस्टच्या वाळक्या शेवया तिच्यात अडकलेल्या. शिष्याने त्या बघताक्षणी ओळखल्या. गेल्या दिवाळीत हा चेंबर त्यानेच बसवला होता. सांध्यातून ऑइल गळू नये म्हणून पेस्ट दुप्पट थापली होती. जादा झालेली आत उतरली, सुकली आणि जाळीला जाऊन चिकटली.

मिस्त्री म्हणाला, "किल्ली अर्धी फिरवली की हा दिवा लागलाच पाहिजे. इंजिन बंद असताना ऑइलला जोर नसतोच, तेच तो सांगतो. तिथं जो गप बसला, तो गाडी ठणठणीत आहे असं सांगत नाही. त्याचं तोंड कुणीतरी दाबलेलं असतं. पट्टीवर ऑइल किती ते कळतं, वर पोचतं का ते कळत नाही. ते सांगायला हा एकच. तुझीच चूक तुला सांगत होता बिचारा, आणि तू त्याचाच गळा दाबलास."

"मला हाकला, उस्ताद."

"हाकलीन. आधी जाळी धू."

दिवस मावळायच्या आत चेंबर जागेवर बसला, पेस्ट बोटाने मोजून लावलेली. मिस्त्रीने किल्ली शिष्याच्या हातावर ठेवली. त्याने ती अर्धी फिरवली. दिवा लालभडक पेटला. शिष्य त्याच्याकडे बघत थांबला, नजर चुकवली नाही. मग इंजिन सुरू केलं, आणि दिवा आपला आपण विझला.

ज्याच्या घरात कुणीच कधी कुरकुरत नाही, त्याने एकदा किल्ली अर्धी फिरवून बघावी.