देवळातून उठून गेलेला जप

फार फार वर्षं झाली या गोष्टीला. डोंगराच्या कुशीतल्या एका गावावर पटकीची साथ आली. उलट्या-जुलाबांनी माणसं पटापट आडवी पडू लागली.

शेजारगावचे वैद्यबुवा सांगून गेले, "पाणी उकळा, त्यात चिमूटभर मीठ नि गूळ घाला आणि आजाऱ्याला पळी-पळीनं पाजत राहा. खंड पाडू नका."

गावचे भटजी म्हणाले, "महादेवाच्या देवळात पाळीपाळीनं बसून सात दिवस अखंड जप करू. पाळी संपेपर्यंत कुणी आसन सोडायचं नाही. सोडलं की जप मोडला."

दोघांचंही बरोबरच होतं हो. पण माणसंच ती! घाबरून, पाळी असो-नसो, धडधाकट तेवढी बहुतेक सगळी देवळातच जाऊन बसली आणि आजारी घरी एकटी राहिली. आता बोला!

तुळसा कुंभारणीच्या घरात ती आणि सून, दोघीच. मुलगा मडकी विकायला दूरच्या बाजाराला गेलेला. सून अंथरुणावर. तिसऱ्या दिवशी दुपारी तुळसाची जपाला बसायची पाळी आली. सुनेच्या उशाशी वैद्यबुवांनी सांगितलेल्या मीठ-गुळाच्या पाण्याचा तांब्या ठेवून ती देवळात येऊन बसली. घटकाभरानं शेजारीण धावत आली.

"अगं तुळसा, सुनेनं डोळे फिरवले गं! तांब्यासुद्धा धरवत नाही तिला!"

 तुळसा उठली.

"बस खाली!" भटजी कडाडले. "जप मोडलास तर गावाचं वाटोळं होईल!"

उत्तर द्यायला तोंड रिकामं कुठं होतं? "ॐ नमः शिवाय, ॐ नमः शिवाय" म्हणतच तिनं देवापुढची पळी उचलली, पदर खोचला आणि घरची वाट धरली. तिचा जप कुठं मोडतो ते बघायला मागोमाग भटजी, त्यांच्यामागं सगळे.

घरी तिनं सुनेचं डोकं मांडीवर घेतलं. अकरा जप, एक पळी. पुन्हा अकरा जप, एक पळी. पाणी ओठांवरून ओघळे. ती पुसे नि पुन्हा पाजे. रडू अनावर होत होतं, पण जप थांबला नाही आणि हातही थांबला नाही. दिवस कलला. तिचा आवाज बसला, पळीतलं पाणी वाटेतच सांडू लागलं.

उंबऱ्याबाहेर उभे असलेले भटजी तेव्हा आत आले. एवढे सोवळ्यातले, पण कुंभाराच्या घरात मांडी घालून बसले. त्यांनी तिच्या जपात जप मिसळला आणि पळी आपल्या हातात घेतली.

दिवेलागणीला सून पुटपुटली, "आत्याबाई, अजून पाणी द्या."

जप भटजी चालवत होते, तुळसाचं तोंड आता मोकळं होतं. ती दाराकडे वळून बसक्या आवाजात ओरडली, "बघत काय उभे राहिलात? घरोघर तुमची माणसं तहानेनं तडफडतायत. जा! जप म्हणा नि पाणी पाजा!"

माना खाली घालून सगळे पांगले. त्या दिवसापासून घराघरातून जप ऐकू येऊ लागला. आधी गेलेली माणसं काही परत आली नाहीत. पण त्यानंतर त्या साथीत गावाला एकही तिरडी बांधावी लागली नाही.

तेव्हा लहानथोरहो, एवढं ध्यानात ठेवा: संकटात देवाचं नाव जरूर घ्यावं, पण ते आजाऱ्याच्या उशाशी बसून घ्यावं.