दोन दगडांमधली जागा

"देवी पृथ्वीवर उरलीच नाही, तर मी न्याय मागू कुणाकडे?"

निकांद्रनं विचारलं. म्हातारी थेआनो झाडत राहिली. अथेन्सच्या न्यायाच्या टेकडीवर ती रोज झाडू मारायची. न्यायदेवी डिकेच्या कथा निकांद्र तिच्याकडेच शिकला होता.

"तूच सांगितलंस, माय. माणसं खोटं वागायला लागली, तशी डिके आधी डोंगरात गेली. मग आभाळात."

"सांगितलं खरं."

निकांद्रच्या बापाला एका बड्या जमीनदाराच्या मुलानं भर बाजारात काठीनं मारून टाकलं होतं. कारण? बापानं वाट सोडली नाही. तिथं चाळीस माणसं होती. चाळीसच्या चाळीस त्या वेळी अंजीर निवडत होती म्हणे.

उद्या खटला होता. मेलेल्याच्या घरच्यानंच उभं राहून आरोप करायचा, असा तिथला कायदा.

"मी उद्या बोलणार नाही." निकांद्रनं कमरेचा सुरा काढला. "न्याय मीच करतो. आज."

"कर. पण आधी तुझी जागा बघून घे."

टेकडीवर खटल्याच्या वेळी उभं राहायचे दोन ओबडधोबड दगड होते. निकांद्र ताठ मानेनं त्यातल्या उंच दगडावर चढला.

थेआनो हसली. "तो आरोपीचा."

तो चटकन खाली उतरला.

"उतरतोस कशाला? सुरा चालवलास की तोच तुझा. त्या दगडाचं नावच उद्दामपणा."

"आणि हा दुसरा, आरोप करणाऱ्याचा? याचं नाव डिके असणार."

"निर्दयपणा."



"माय, बाप माझा मेला, आणि निर्दय मी?"

"तिथं तुला दया दाखवायला उभं करत नाहीत, लेका. त्या दगडावर चढलास की मागं हटायचं नाही."

"मग डिकेचा दगड कुठाय?"

थेआनोनं दोन दगडांमधल्या मोकळ्या जमिनीवरून झाडू फिरवला. एक वाळलेलं पान होतं, तेही उचललं.

"ही जागा तिची. रोज झाडून ठेवते."

"निघून गेलेल्या बाईसाठी?"

थेआनोनं हात पुढे केला.

निकांद्रनं सुऱ्याकडे पाहिलं, मग त्या झाडलेल्या जागेकडे, आणि सुरा तिच्या हातावर ठेवला. तिनं तो केराच्या टोपलीत टाकला.

निकांद्र दुसऱ्या दगडावर चढला. पाय रोवले.

"न्यायाधीश विकले गेले असतील तर?"

"असतीलही."

"ते चाळीस जण तोंड उघडणार नाहीत."

"नाही उघडणार."

"आणि डिके तिकडे वर जाऊन बसलीय! आभाळ लांब आहे, माय."

थेआनोनं टोपली उचलली.

"मग आवाज चढव."