उकऱ्याची खबर

फार जुन्या काळची गोष्ट आहे. राजा कोण होता ते विचारू नका, त्याचं इथे काम नाही. एक गाव होतं, गावाला चावडी होती आणि प्रत्येक घरामागे एक उकिरडा होता.

पावसाळ्याआधी हे उकिरडे उकरून खत शेतात टाकत. ते काम सटवा नावाच्या माणसाकडे होतं. गाव त्याला उकऱ्या म्हणे. उकरताना जे सापडेल ते त्याने चावडीवर सांगायचं, असा रिवाज होता. कोणाचा विळा केरात जातो, कोणाची जोडवी. ज्याचं त्याला परत मिळावं, एवढ्यासाठीच तो रिवाज.

सटवा बरीच वर्षं नीट वागला. मग एकदा त्याने सांगितलं, की माळकरी बुवांच्या उकिरड्यात कोंबडीची हाडं निघाली. चावडी पोट धरून हसली. लोकांनी त्याला बसायला जागा दिली, पान दिलं. विळा सापडला तेव्हा कोणी पान दिलं नव्हतं. त्या दिवसापासून सटवाने विळे शोधणं सोडलं.

पुढच्या वर्षी त्याने येसूचं नाव घेतलं. येसू विधवा होती, एकटी राहत होती. तिच्या उकिरड्यात हिरव्या बांगड्यांच्या काचा सापडल्या, एवढंच तो म्हणाला आणि डोळा मिचकावला. बाकीचं गावाने जोडलं. येसूने कोणाला काही सांगितलं नाही. बायका विहिरीवर असतील तेव्हा ती जाईना. भर दुपारी, उन्हात, एकटी पाणी भरू लागली.

त्या साली पावसाने झोडपलं आणि पीक बुडालं. तरी गाव घाबरलं नाही. गावाचं एक पेव होतं, जमिनीत खोल खणलेलं, वाईट दिवसांसाठी ज्वारीने भरलेलं. त्याची राखण पाटलाकडे होती.

पुढे पावसाळा जवळ आला आणि सटवा पाटलाचा उकिरडा उकरू लागला. तळाशी राखेखाली काळी, कुजलेली ज्वारी निघाली. पोतीच्या पोती. पाटलाच्या शेतात तर दाणा पिकला नव्हता. सटवाने काय ते ओळखलं. पेवात पाणी शिरलं होतं आणि पाटलाने वरचा नासका थर गुपचूप काढून तोंड पुन्हा लिंपलं होतं. अजून पाऊस नव्हता. आज पेव उघडलं तर उरलेली ज्वारी वाळवता येणार होती. पाऊस पडला की सगळी जाणार होती.

सटवा धावत चावडीवर गेला आणि म्हणाला, "पेवातली ज्वारी कुजली आहे."

लोक हसले. एकाने विचारलं, "आणि बांगड्या कोणाच्या निघाल्या, तेही सांग की."

सगळ्यांत मोठ्याने पाटील हसला. बैलांचं आंबोण नासलं ते टाकलं, असं तो म्हणाला. उकिरडा उकरला जाणार हे त्याला आधीच ठाऊक होतं. सटवाच्या बोलण्यावर गाव फक्त हसतं, हेही ठाऊक होतं. सटवाने शपथा घेतल्या. लोकांनी त्याच्यापुढे पानाचं तबक सरकवलं.

येसू घागर घेऊन चावडीवरून चालली होती. ती थांबली.

"पेव उघडा," ती म्हणाली.

"तू याची बाजू घेतेस?" पाटलाने विचारलं.

"याची बाजू मी मेले तरी घेणार नाही. पण जे सापडलं नाही ते सापडलं, असं हा कधी बोलला नाही. माझ्याकडे काचा होत्या. धनी गेले त्या दिवशी माझ्याच हातातल्या फोडल्या होत्या. इतकी वर्षं फडक्यात बांधून ठेवल्या, मग टाकल्या. अर्थ तुम्ही लावलात."

चावडीवर कोणी वर बघेना. मग दोन म्हातारे उठले आणि कुदळी घेऊन निघाले.

पेव उघडलं. वास गावभर गेला. निम्मी ज्वारी काळी पडली होती, निम्मी वाचली. ती वाळवून गावाने दिवस काढले. पाटलाची पाटीलकी गेली. उकऱ्या हे नाव हिणवून घेणारे लोक आता ते मानाने घेऊ लागले. त्याला फेटा बांधायचं ठरलं. सटवा आला नाही.

तो येसूच्या दारात गेला होता. खाली मान घालून म्हणाला, "वहिनी, यंदाचं खत मी फुकट वाहून देतो."

येसूच्या हातात फावडं होतं.

"माझं मी काढते," ती म्हणाली. "तू कुंपणाच्या बाहेर राहा."

पुढे सटवा जगला तितकी वर्षं तिने त्याला आपला उकिरडा उकरू दिला नाही. गावानेही तिला कधी 'का' म्हणून विचारलं नाही, कारण विचारायला तोंड नव्हतं.

बोध असा: गावाची घाण उघडी करणारा माणूस गावाला हवाच, पण ज्याने ती हशासाठी उकरली, त्याचं खरं बोलणंही हसण्यावारी जातं.