मध्येच बोलणारा माणूस

बेळगावच्या श्रवणमंडळात सभासद दर रविवारी आपापल्या आवडत्या रेकॉर्डी एकमेकांना ऐकवत. अन्यायावर कॉलेजात तावातावाने भाषणं करणारा श्रीनाथ त्यात सगळ्यांत तरुण.

एकदा निवृत्त परिचारिका पोतनीसबाईंनी जुन्या मैफलीची कॅसेट लावली. मध्येच कॅसेटमधल्या श्रोत्यांतलं कुणीतरी खोकलं.

"बंद करा!" अध्यक्ष केळवकर गरजले. "असला गोंगाट पुन्हा आणलात तर मंडळात जागा नाही."

पुढच्या रविवारी बाई पिशवी मांडीवर घेऊन ऐकत बसल्या. त्याच्या पुढच्या रविवारी त्यांनी दुसरी कॅसेट लावली. मारवा सुरू झाला आणि त्यावर एक जाड आवाज चढला, "ही जागा बघा, मी समजावून सांगतो..."

केळवकर उसळले. "कोण हा गाढव? हाकला त्याला!"

"आपलाच आवाज आहे, साहेब," बाई शांतपणे म्हणाल्या. "गेल्या रविवारी तुम्ही मारवा ऐकवलात, तेव्हा माझ्या पिशवीतला टेप चालू होता. माझ्या कॅसेटमधला माणूस खोकला एकदाच. आता मंडळातून कुणाला काढायचं?"

खोलीत हशा पिकला. श्रीनाथला मात्र मान वर करवेना. केळवकरांच्या प्रत्येक वाक्यामागून "वा साहेब, क्या बात है!" म्हणणारा टेपवरचा कोवळा आवाज त्याचा होता, आणि कॅसेट अजून अर्धीही झाली नव्हती.