झुंबराआईचा राग

ऐका, आसरखेडची ही गोष्ट. फार वर्षांपूर्वी तिथं झुंबरा नावाची सुईण होती. निम्मं गाव तिच्या हातावर जन्मलेलं, धोंडजी पाटीलसुद्धा.

एका उन्हाळ्यात पाटलाचा पाहुणा जत्रेहून पटकी घेऊन आला. उलट्या, जुलाब, डोळे खोल गेलेले. त्याची घाणीनं भरलेली धडुती पाटलाच्या गड्यांनी बारवेत धुतली. आणि सगळं गाव त्याच बारवेचं पाणी पीत होतं.

झुंबरा पाटलाच्या दारात गेली. "पाटील, रोग पाण्यातनं पसरतोय. बारव बंद करा. आजारी माणसांना वेगळं ठेवा."

पाटील म्हणाला, "देवीचा कोप आहे. बकरं कापू. माझ्या घराचं नाव घेऊ नकोस."

बकरं कापलं. मढी निघतच राहिली. मग झुंबराची लेक चंद्रभागा गेली, बाळंतपणाला माहेरी आलेली.

लेकीला माती दिल्यावर झुंबरा रडत बसली नाही. तिनं बाभळीच्या काट्यांनी बारवेची वाट बुजवली आणि विळा घेऊन पायरीवर बसली. गुऱ्हाळाची काहील चुलाणावर चढवली. असं म्हणतात, त्या चुलाणाला लाकूड लागलंच नाही. तिच्या रागावरच बारवेचं पाणी उकळलं. ती उकळलेलंच पाणी द्यायची, तेही राखेनं हात धुतलेल्यालाच. आजारी माणसं तिनं माळावरच्या खोपीत हलवली. हळूहळू नवी लागण थांबत आली.

तेवढ्यात खुद्द पाटलाला पटकी झाली. घरचे लपवून बसले. झुंबरा दार ढकलून आत शिरली. गूळ-मिठाचं पाणी घोटघोट पाजत राहिली, आणि घोटागणिक शिव्या देत राहिली.

"पी, मेल्या! तुला मरू देणार नाही मी. तुला अजून ऐकायचंय!"

पाटील वाचला. तिच्या पाया पडला. "आई, माफ कर."

"माफी माझ्याकडं नाही. ज्यांची माणसं गेली त्यांच्या दारात जा. ते बोलतील ते ऐकून घे."

तो दारोदार गेला. कुणी रडलं, कुणी थुंकलं. झुंबरानं मात्र मरेपर्यंत त्याच्या घरचं पाणी घेतलं नाही. असं म्हणतात, तिला नेलं त्या दिवशी बारवेतून वाफ निघत होती.

आजही दर चैत्रात आसरखेडच्या बाया सरपंचाला बारवेवर अनवाणी उभं करतात. कुठलं गटार तुंबलंय, कुठली टाकी धुतली नाही, कुणाच्या लेकराची लस राहिली, सगळं तोंडावर सुनावतात. सरपंचानं उलट बोलायचं नाही. मागच्या खेपेला सरपंच बाईमाणूस होती, झुंबराच्याच भावकीतली. तिलाही कुणी सोडलं नाही.