धनेशीणबाईंची ढोली

ढगांना अजून घाईची सवय लागली नव्हती, झाडांवरच पेंगत पडायचे, तेव्हाची ही गोष्ट. त्या धुक्यात धनेशीणबाई घर शोधत होत्या. धनेशांची रीत अशी, की अंडी घालायला बाई ढोलीत शिरते, दार चिखलाने लिंपून घेते आणि पिल्लं मोठी होईपर्यंत बाहेर पडत नाही. झाड कोसळलं, तर सगळ्यांना घेऊनच कोसळणार!

पोपटाने त्यांना एक बेहडा दाखवला. ढोलीच्या मालकिणीने, म्हणजे खारीने, रोज एक पेरू देऊन त्याला कामाला लावलं होतं.

"वहिनी, चांदणं थेट उशाशी येतं! उद्या घुबडीण बघायला येणार आहे, बरं का."

बाईंनी आत शिरून डोळे मिटले. ढोली पाळण्यासारखी झुलत होती. स्वप्नात पिल्लं हसूसुद्धा लागली. पण एवढा जाडजूड बेहडा झुलेल कशाला? बाईंनी सुतारपक्ष्याला हाक मारली.

त्याने बुंध्यावर चोच आपटली, कान लावला आणि त्याच्या तोंडाला पाणीच सुटलं. "ताई, आतून पार पोखरलंय. अळ्याच अळ्या! माझ्या नातवंडांनाही पुरतील."

"आणि माझी पिल्लं?"

"पहिल्या वादळापर्यंत मजेत राहतील."

पोपट खवळला. "याचं काय ऐकता, वहिनी? हा स्वतःच्या पोटाचं बघतोय!"

"पोटाचं तुम्हीही बघताय, भावजी," बाई म्हणाल्या. "त्याने निदान माझ्या तोंडावर सांगितलं."

मग चिखलाचा गोळा चोचीत धरून ताटकळलेल्या नवऱ्याला त्यांनी खूण केली. दोघं धुक्यातून पुढच्या झाडाकडे निघाली, आणि सुतारपक्षी जेवायला बसला.