पाठीवरचं ऊन आणि डोहाचं पाणी

फार पूर्वी एका डोंगरी नदीच्या डोहावर एक भोयाचं कुटुंब मासे धरून पोट भरत असे. कोंडाबाई ही विधवा थोरली भावजय, आणि मल्हारी तिचा दीर. डोहात खडस मासे होते, मोठ्या खवल्यांचे, मिशाळ.

एका पौषात कडाक्याची थंडी पडली. आठ दिवस गळाला मासा लागला नाही. त्यातच मल्हारीची बायको भागी बाळंत झाली आणि अगदी गळून गेली. सुईण म्हणाली, "हिला माशाचं कालवण द्या. अंगात त्राणच नाही."

नवव्या दिवशी लख्ख ऊन पडलं. मल्हारीने घोंगडी फेकली. "वहिनी, चला! आज मासा हलणार."

कोंडाबाईने कोपरापर्यंत हात पाण्यात घातला. "भावजी, ऊन तुमच्या पाठीवर आलंय, पाण्यात उतरलं नाही. रात्रीचा गारठा अजून तसाच आहे. गार पाण्यात मासा तळाशी पडून राहतो, आमिषाला येत नाही. पाणी नरमेपर्यंत थांबा."

"घरात ती तशी पडलीय, आणि मी थांबू?"

त्याने दिवसभर गळ टाकला. उंबरं, कणकेचे गोळे, आपल्या वाट्याचं सगळं आमिष संपवलं. दोरी एकदाही थरथरली नाही. "डोहात मासाच उरला नाही," म्हणून तो घरी आला.

दोन दिवसांनी आभाळ आलं, दमट वारा सुटला. रात्र उबदार गेली. सकाळी कोंडाबाईने पाणी पाहिलं. हात बधिर झाला नाही. तिने हाक मारली, "भावजी, आज चला. पाणी नरमलंय."

"परवा उन्हात लागला नाही, तो आभाळात लागणार?" असं म्हणून मल्हारी तीन कोसांवरच्या बाजाराला निघून गेला.

कोंडाबाईजवळ तीनच उंबरं होती. पहिलं वाहून गेलं. दुसरं माशाने चोरलं. तिसऱ्याला असा हिसका बसला की दोरीने तळवा कापला. पण तिने सोडली नाही.

संध्याकाळी मल्हारी मूठभर सुकट घेऊन परतला. भागी भिंतीला टेकून बसली होती, वाटीतलं कालवण पीत होती.

"अक्कांनी एकटीने मासा आणला," ती जावेकडे बघत म्हणाली. "हात बघा त्यांचा."

मल्हारीने तो हात पाहिला आणि मान खाली घातली. "वहिनी, मी माझ्याच अंगाला विचारत बसलो. माशाला विचारलंच नाही."

तात्पर्य: आपल्याला ऊब लागली, म्हणून दुसऱ्याची थंडी सरली असं समजू नये.